मेळघाटातील जुन्या पायवाटांची नोंद आता तरी व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातील 11 आणि तामिळनाडूतील 1 अशा 12 किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, तेव्हा त्याचा आनंद विदर्भातही झाला. त्या यादीत विदर्भातील एकही किल्ला नाही याचे गाऱ्हाणे मला मांडायचे नाही, कारण त्या नामांकनाचा विषय मराठ्यांच्या लष्करी दुर्गरचनेचा होता आणि निवड त्या कसोटीवर झाली. मात्र त्या निमित्ताने सह्याद्रीतील गडवाटांवर जेवढे लिहिले आणि बोलले गेले, त्याच्या शतांशानेही आमच्या सातपुड्यातील वाटांविषयी कोणी बोलत नाही. गाविलगड आणि नरनाळा हे दोन गड ज्या पायवाटांनी पायथ्याच्या बाजारगावांशी आणि डोंगरातील कोरकू आदिवासींच्या वस्त्यांशी जोडलेले होते, त्या वाटा आमच्या डोळ्यांदेखत मोडत चालल्या आहेत. त्यांची रीतसर नोंद व्हावी आणि त्यांतील काही निवडक वाटा, वनविभागाच्या देखरेखीखाली व स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने, पायी चालणाऱ्यांना खुल्या व्हाव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आज या भागात येणारा बहुतेक पर्यटक चिखलदऱ्याला गाडीने येतो, दोन-चार पॉइंट पाहतो, भाजलेले कणीस खातो आणि वेळ उरला तर गाविलगडाच्या दरवाजापर्यंत जाऊन छायाचित्र काढून परततो. नरनाळ्यालाही पायथ्याच्या शहानूर गावाहून थेट वर गाडी जाते. वृद्धांना आणि लहान मुलांना त्यामुळे गड पाहता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु नरनाळा हा एक गड नसून जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन गडांचा समूह आहे, आणि वरच्या महाकाली दरवाजापाशी पोहोचण्यापूर्वी शत्रूला किती चढण चढावी लागत असे व किती वळणांवर मारा सोसावा लागत असे, हे वाहनातून उतरणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. 1487 च्या सुमारास वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादउल्मुल्क याने उभारलेला, शिलालेखांनी आणि नक्षीने सजलेला तो दरवाजा एवढा देखणा आहे की त्याच्या पुढे जाण्याची गरज बहुतेकांना वाटत नाही, आणि पलीकडचे तलाव, तटबंदी व डोंगरसोंडा पाहिल्याशिवायच माणसे परत फिरतात.

गाविलगडाच्या बाबतीत तर पायवाट हाच इतिहासाचा मुख्य दाखला आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावच्या मैदानात (हे अडगाव आमच्या शेजारच्या तेल्हारा तालुक्यातच आहे) नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यानंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने गाविलगडाकडे मोर्चा वळवला. मैदानाच्या बाजूने गड घेणे अवघड होते, म्हणून फौजेचे दोन भाग करण्यात आले. 7 डिसेंबरला दोन्ही भाग अचलपुराहून निघाले. वेलस्ली दक्षिणेच्या बाजूस राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगर ओलांडून, मोठा वळसा घालून, गडाच्या उत्तरेस पोहोचली. तिला 12 डिसेंबर उजाडला, कारण जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ संपूर्ण अंतर माणसांनी हाताने ओढत न्यावा लागला आणि त्यासाठी लागणारी वाटही सैनिकांनाच आधी तयार करावी लागली, असे वेलस्लीने स्वतः आपल्या खलित्यात नमूद केले आहे. 15 डिसेंबरला बाहेरचा कोट पडला, तरी आतला कोट वेगळा जिंकावा लागला. भिंतीला शिड्या लावून आत उतरलेल्या तुकडीने दरवाजा उघडला तेव्हा कोठे गड हाती आला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, आणि ज्या गडांसाठी एवढे रक्त सांडले ते गाविलगड व नरनाळा त्या तहात भोसल्यांकडेच राहिले, ही गोष्ट आमच्या भागातील किती विद्यार्थ्यांना माहीत असेल याची मला शंका आहे.

हा सारा प्रसंग पुस्तकातील नकाशावरून समजत नाही. उत्तरेकडून पठारावरून चालत येणाऱ्याला मात्र तो काही क्षणांत समजतो, कारण दक्षिणेस कडा तुटलेला आहे आणि जमीन गडाला येऊन मिळते ती या उत्तरेच्या बाजूलाच, म्हणून तोफा येथेच लागल्या हे त्याला उभ्या जागी दिसते. ज्या दिवशी एखादा शिक्षक मुलांना घेऊन या वाटेने अर्धा दिवस चालेल, त्या दिवशी इतिहासाचा एक संपूर्ण धडा वर्गाबाहेर शिकवून होईल.

या वाटा मोडण्याचे कारण केवळ दुर्लक्ष नाही. मेळघाट व्याघ्रप्रकल्प 1974 मध्ये झाला, तो महाराष्ट्रातील पहिला, आणि त्यानंतर गाभा क्षेत्रातील अनेक गावांचे टप्प्याटप्प्याने पुनर्वसन झाले. कुंड, कोहा, बोरी, वैराट, चुरणी, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी ही नावे आमच्या भागात सर्वांना परिचित आहेत. पुनर्वसन व्हावे की नाही, किंवा ते कसे झाले, हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. त्यावर येथे मत देत नाही. परंतु आठवडी बाजार, सोयरीक, मोहफुले, जत्रा, दवाखाना अशा कारणांनी या गावांतून त्या गावांत माणसे पायी जात होती म्हणून वाटा जिवंत होत्या. गाव उठले की वाटेवरची रहदारी थांबते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रायमुनिया (घाणेरी) व बांबू तिच्यावर पसरतात. कोणत्या घाटात बैल उतरवता येतो, कोणता झिरा वैशाखातही आटत नाही, कोणत्या शिवेवर मुठवा देवाचा दगड आहे, मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब कोठे उभे आहेत, हे सांगू शकणारी वयस्कर कोरकू माणसे आज डोंगराखालच्या वसाहतींत राहतात आणि त्यांतील अनेक जण दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्यांना कोणी विचारत नाही. गडांचे दगड आणखी शंभर वर्षे टिकतील, परंतु ही माहिती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कायमची नाहीशी होईल, म्हणून माझ्या मते तटबंदीच्या डागडुजीपेक्षाही हे काम अधिक निकडीचे आहे. त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. अकोट, अचलपूर, परतवाडा, धारणी येथील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी या ज्येष्ठांना योग्य मानधन देऊन, वनविभागाच्या परवानगीने त्यांच्यासोबत वाटा चालाव्यात, मोबाईलवरील जीपीएसने त्यांची नोंद घ्यावी आणि कोरकू भाषेतील स्थळनामे ती माणसे जशी उच्चारतात तशीच लिहून ठेवावीत, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

वाघाच्या जंगलात माणसांना पायी सोडणे धोक्याचे आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि तो नियम योग्यच आहे. गाभ्याच्या आतल्या भागात एकही नवी वाट उघडू नये, असेच माझेही म्हणणे आहे. पण वऱ्हाडातील माणसाला सातपुड्यात पायी चालणे नवीन नाही. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी हजारो भाविक धारगडच्या महादेवाला जातात आणि तो मार्ग व्याघ्रप्रकल्पातूनच जातो. नागपंचमीच्या सुमारास आमच्याकडचे लोक गटागटाने पचमढीच्या नागद्वारला जाऊन डोंगरामागून डोंगर पायी पालथे घालतात, महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, आणि तो परिसरही सातपुडा व्याघ्रप्रकल्पालगतचाच आहे. त्याच सातपुडा प्रकल्पात मार्गदर्शकासोबत पायी जंगल पाहण्याची सोय आहे. केरळमधील पेरियारमध्ये पूर्वी चोरटी शिकार करणाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन पायी फेऱ्यांचे वाटाडे करण्यात आले. जे पेरियारला आणि पचमढीला जमते ते शहानूरला का जमू नये, हा प्रश्न वनविभागाला विचारण्याचा आम्हा पायथ्याच्या गावकऱ्यांना हक्क आहे. हिवाळ्याचे मोजके महिने, लहान गट, केवळ दिवसाउजेडी चालणे, गडावर मुक्काम नाही, ध्वनिक्षेपक नाही, पाणवठ्यापाशी थांबणे नाही, आणि पिल्लांसह वाघीण वा अस्वल त्या बाजूला दिसल्यास वाट तत्काळ बंद, असे कडक नियम केले तर कोणताही खरा डोंगरप्रेमी त्यांना विरोध करणार नाही.

खरी अडचण मला दुसरीच दिसते. दोन्ही गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत आणि भोवतालची जमीन वनविभागाची आहे. परिणामी वाटेवरचा दगड हलवायचा असेल तर एका खात्याची परवानगी आणि झुडूप छाटायचे असेल तर दुसऱ्याची. आमच्या परिसरातील एका शाळेने मुलांची पायी सहल काढण्यासाठी अर्ज केला, तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवले, आणि त्यात थंडीचे दिवस निघून गेले. दोन्ही खात्यांनी मिळून एकच परवाना द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. याच दुहेरी कारभारामुळे तटातून वड-पिंपळ वाढत आहेत. उत्साही तरुणांनी ते स्वतः तोडू नयेत, कारण जाणकाराच्या देखरेखीशिवाय मूळ ओढले तर दगडही त्यासोबत निखळतो, आणि सिमेंटचे लिंपण चुन्याच्या बांधकामाला घातकच ठरते. परंतु जाणकार येणारच नसेल तर तरुणांना किती काळ थांबवायचे? गुप्तधनाच्या लालसेने गडांवर रात्री खड्डे खणणाऱ्यांचे तर दोन्ही खात्यांना आव्हानच आहे. ज्या वाटेवर नियमित, नोंदणीकृत पावले पडतात तेथे असे उद्योग लपून राहत नाहीत, ही पायी पर्यटनाच्या बाजूची आणखी एक गोष्ट.

जुन्या अकोला–खांडवा मीटरगेज मार्गाचाही येथे विचार व्हावा. धूळघाटजवळ चढण सोपी करण्यासाठी रुळांनी घेतलेला तो प्रसिद्ध वळसा हा अभियांत्रिकीचा वारसा आहे. त्या मार्गाचे पुढे काय होणार हे ठरवताना त्याची नोंद आणि जतन या गोष्टी कागदावर तरी याव्यात.

वाटाड्यांचा मुद्दा मात्र सविस्तर मांडणे आवश्यक आहे. सध्या जंगल सफारीसाठी जे मार्गदर्शक आहेत त्यांतील अनेक जण स्थानिक आहेत आणि पगमार्क, पक्षी, झाडे यांची त्यांची जाण उत्तम आहे. त्यांना गडांच्या इतिहासाचेही प्रशिक्षण मिळाले, तर गाविलगडाच्या दरवाजावरील दुतोंडी गंडभेरुंड पक्षी कशाचे चिन्ह आहे, बहमनी आणि इमादशाही म्हणजे काय, मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातील दोन सरकारे याच गडांच्या नावाने का ओळखली गेली, हे तेच तरुण पाहुण्याला सांगतील. त्यात पुनर्वसित गावांतील मुलामुलींना पहिले प्राधान्य असावे आणि पायवाटेच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा थेट ग्रामसभेच्या खात्यात जावा. पायविहीरसारख्या गावाने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकडी कशी हिरवी केली आणि सीताफळांची विक्री कशी उभी केली, हे आमच्या समोरच घडले आहे. ग्रामसभेवर विश्वास ठेवायला आणखी कोणता पुरावा हवा आहे?

सुरुवातीला दोनच वाटा पुरेशा आहेत. एक, शहानूरहून नरनाळ्याच्या महाकाली दरवाजापर्यंत पायी चढणारी. दुसरी, उत्तरेच्या पठारावरून गाविलगडाच्या बाहेरील कोटाकडे येणारी. येत्या हिवाळ्यापूर्वी अकोला व अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वनविभाग, पुरातत्त्व खाते आणि संबंधित ग्रामसभा यांची एकत्र बैठक बोलवावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो. तसेच ज्या वाचकांच्या घरी जुन्या वाटांविषयी आठवणी, छायाचित्रे किंवा मोडी लिपीतील कागद असतील त्यांनी ते आपल्याकडे पाठवावेत आणि आपण त्यांना आठवड्यातून एकदा जागा द्यावी, म्हणजे सरकारी बैठक होईपर्यंत निदान ही नोंद तरी सुरू होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. अकोट, जि. अकोला