ग्वाल्हेरची धूळ झाडून झाली असेल तर आता धुराकडे बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही ग्वाल्हेरची मराठी मंडळी तुमचा पेपर मोबाइलवर रोज वाचतो, अगदी छोट्या जाहिरातींसकट. प्रदूषणाच्या बातम्या तुमच्याकडे दिवाळीच्या आसपास सुरू होतात, जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचे फोटो येतात आणि होळीपर्यंत विषय मिटतो. त्यात दमा असतो, खोकला असतो, डोळे चुरचुरणं असतं, फार तर हार्ट. मेंदूचं नाव कुठेच येत नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत हवा आणि विसरण्याचा आजार यावर एवढं संशोधन झालंय की आता ते घराघरात पोचायला हवं, म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, पण कापू नका ही विनंती.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शहरांची यादी काढली होती, त्यात पीएम २.५ म्हणजे बारीक कणांच्या बाबतीत आपलं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, इराणच्या झाबोलनंतर. वर्षाची सरासरी एक घनमीटर हवेत १७६ मायक्रोग्रॅम. आज तेवढं नाही, आकडा बराच खाली आलाय, त्याचं श्रेय ज्यांना द्यायचं त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाची मर्यादा ५ करून ठेवलीय आणि आपल्या देशाची स्वतःची मर्यादा २००९ पासून ४० आहे. अमेरिकेनं २०२४ मध्ये १२ ची ९ केली. आपण ४० वरच.

आता घरातलं सांगते, कारण त्याशिवाय हे मला एवढं का लागलंय ते कळणार नाही. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मेन रोडला लागून, महाराज बाड्याच्या चौकापासून चालत जाण्यासारखं. माझ्या सासूबाई, सगळे त्यांना माई म्हणतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. नावं विसरणं, तेच तेच विचारणं हे नंतर सुरू झालं, त्याच्या खूप आधी त्यांचं नाक गेलं होतं आणि आम्हाला ते कळलंच नाही. एकदा वरणाला फोडणी करत होत्या, मोहरी काळी ठिक्कर झालेली, हिंग जळून कडू धूर पार बाहेरच्या खोलीत आला, आम्ही खोकत आत गेलो तर माई शांतपणे पळी धरून उभ्या, म्हणाल्या अगं अजून तडतडली कुठे. सर्दी असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढे विसराळूपणा वाढला तेव्हा एका दवाखान्यात दाखवलं, तिथे ‘उम्र का तकाज़ा है’ म्हणून टॉनिक लिहून दिलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र नीट बसून विचारलं की वास येतो का, कधीपासून येत नाही, आणि मग सांगितलं की अल्झायमरमध्ये वास जाणं बऱ्याच जणांना फार लवकर होतं, विसरण्याच्या आधीसुद्धा.

माईंना हे धुरानंच झालं असा माझा दावा नाही, एका माणसाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. पण नाकाची गोष्ट निघाली म्हणून मी वाचायला लागले आणि वाचतच गेले.

नाकाच्या वरच्या टोकाला वासाच्या ज्या नसा आहेत त्यांचं एक टोक थेट बाहेरच्या हवेत असतं आणि दुसरं थेट मेंदूत, मध्ये काही आडपडदा नाही. अतिसूक्ष्म कण, म्हणजे मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या भागापेक्षाही लहान, त्या वाटेनं आत जाऊ शकतात. दुसरी वाट फुप्फुसातून, तिथून रक्तात, आणि रक्तातून सगळ्या अंगात सूज, ती सूज मेंदूपर्यंत. मेंदूत ज्या राखणदार पेशी आहेत, मायक्रोग्लिया, त्या कायम चिडलेल्या राहतात आणि चिडलेल्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. शिवाय बीपी, रक्तवाहिन्या कडक होणं, छोटे छोटे स्ट्रोक, हे सगळं प्रदूषणानं वाढतंच, आणि त्यातूनही डिमेन्शिया म्हणजे विसरण्याचा आजार येतो. म्हणजे फुप्फुस, हार्ट आणि मेंदू हे तीन वेगळे विषय नाहीतच.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं मेक्सिको सिटीच्या डॉक्टर लिलियन काल्देरोन-गार्सिद्युएन्यास यांनी, तेही कुत्र्यांमध्ये. त्या शहरातली म्हातारी कुत्री मालकालाच ओळखेनाशी झालेली त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांनी मेंदू तपासले तर स्वच्छ हवेतल्या कुत्र्यांपेक्षा यांच्यात अल्झायमरसारखे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे डाग जास्त. नंतर २०१६ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा माहेर यांच्या टीमनं मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या ३७ माणसांचे मेंदू तपासले, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचे अतिबारीक कण सापडले, आणि बरेचसे चक्क गोल. शरीरात तयार होणारे कण कोनाकोनांचे असतात, गोल कण हे खूप उष्णतेत, जळताना तयार होतात. म्हणजे धुरातून आलेले. त्या कणांनीच अल्झायमर होतो हे अजून सिद्ध नाही, पण ते डोक्यात पोचतात हे तर दिसलं ना.

मग माणसांची मोठी गणितं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये जवळजवळ ६६ लाख लोकांच्या नोंदी बघितल्या, २०१७ मध्ये ते छापून आलं, मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांना डिमेन्शियाचं प्रमाण ३०० मीटरच्या पलीकडच्यांपेक्षा ७ टक्के जास्त. आमच्या घराच्या गॅलरीतून रस्ता हात लांब केला तर लागतो, ५० मीटर कसले! आणि अमेरिकेत २०१५ मध्ये ज्यांना डिमेन्शिया नाही अशा, साठीच्या आणि त्यापुढच्या लोकांच्या मेंदूचे एमआरआय बघितले, तर पीएम २.५ दोन मायक्रोग्रॅमनं जास्त असलं की मेंदूचा आकार साधारण एका वर्षाच्या म्हातारपणाएवढा कमी दिसला. दोन मायक्रोग्रॅम! आपल्याकडे संध्याकाळी शेकोट्या पेटल्या की तासाभरात याच्या कितीतरी पट फरक पडतो. तो अभ्यास वर्षाच्या सरासरीचा होता हे मला कळतं, तशी थेट तुलना करायची नाही, पण ज्या हवेत तो झाला ती आपल्याला हिल स्टेशनची वाटली असती एवढी स्वच्छ होती.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो २०२२ चा अभ्यास, अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा. ज्या भागातली हवा आधीच्या वर्षांत जास्त सुधारली होती तिथल्या बायकांना पुढे डिमेन्शियाचा धोका कमी निघाला, पीएम २.५ सुधारलं तिथे साधारण १४ टक्के आणि गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड कमी झाला तिथे २६ टक्के. म्हणजे आयुष्यभर घाण हवा घेतली, आता काय उपयोग, असं नाही. सत्तरीतल्या माणसालासुद्धा फायदा होतो.

लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या कमिशननं २०२० मध्ये हवेचं प्रदूषण डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत घातलं, २०२४ मध्ये अशी १४ कारणं झाली, ऐकू कमी येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, एकटेपणा वगैरे, आणि सगळी मिळून ४५ टक्के. त्यात हवेचा वाटा ३ टक्के. कुणी म्हणेल एवढासाच. पण भारतात साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण ८८ लाख, त्याचे नुसते जगाच्या हिशोबानं ३ टक्के धरले तरी अडीच लाखांच्या वर माणसं होतात, आणि आपली हवा जगाच्या सरासरीपेक्षा किती वाईट ते सांगायला नको. बीपीची गोळी माणूस स्वतः घेऊ शकतो, कानाचं मशीन घेऊ शकतो, हवा मात्र एकट्यादुकट्याला बदलता येत नाही.

आता मुद्द्याचं. २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, १३१ शहरं त्यात, ग्वाल्हेरसुद्धा. पण शहरांची प्रगती मोजतात ती पीएम १० वर, म्हणजे जाड धुळीवर. साहजिकच पैसाही तिकडेच गेला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेनं २०२४ मध्ये हिशोब मांडला होता, देशभरात या कार्यक्रमातला ६४ टक्के पैसा रस्ते, खड्डे, पाणी मारणं, झाडणारी मशिनं यावर, गाड्यांच्या धुरावर १३ टक्क्यांच्या आत आणि कारखान्यांवर तर १ टक्कासुद्धा नाही. रस्ते धुवू नका असं मी म्हणत नाही, आमच्याकडे जवळच्या बिलौआच्या दगड फोडणाऱ्या क्रशरपासून खोदलेल्या रस्त्यांपर्यंत धूळ खूपच आहे. पण माणसाचा केस ५०-७० मायक्रॉनचा, जाड धूळ १० च्या आसपास, ती बरीचशी नाकाघशातच अडकते आणि शिंकेत बाहेर येते. मेंदूवरचं संशोधन जवळजवळ सगळं २.५ आणि त्याहून बारीक कणांवर आहे आणि ते कण मुख्यतः जळण्यातून येतात. तुमच्या घरची खिडकीची जाळी ओल्या फडक्यानं पुसून बघा, वरवर पिवळसर माती निघते ती झटकली की जाते, खाली जो काळा तेलकट थर राहतो तो साबणानंही निघत नाही. पाण्याचे फवारे त्या पिवळीसाठी आहेत. काळीचं काय?

ती काळी येते कुठून हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. जुन्या डिझेलच्या लोडिंग गाड्या, लग्नाच्या सीझनला वरातीमागून धडधडणारे जनरेटर, ढाब्यांच्या कोळशाच्या भट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेला कचरा. आणि हिवाळ्यात शेकोट्या. त्यांत लाकूड कमी आणि टायरचे तुकडे, प्लास्टिक, फोम जास्त, पहाटेपर्यंत धुमसत असतं. थंडीत वर गरम हवेचं झाकण बसतं आणि सगळा धूर गल्लीतच कोंडतो, नेमका सकाळी सहाला म्हातारी माणसं फिरायला निघतात तेव्हा. शेकणाऱ्या चौकीदारावर, रिक्षावाल्यावर माझा राग अजिबात नाही, त्याला थंडी वाजते, त्याला कोरडं लाकूड नाहीतर रात्रीचा निवारा द्या, मग टायरला बंदी करा. आणि तो सगळ्यात जवळून धूर घेतोय, त्याचा मेंदू काही वेगळा नाही.

आणखी एक, एक्यूआयचे म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचे ते रंग. आपल्या देशाच्या मोजणीत पीएम २.५ दिवसाला ६० पर्यंत असलं तरी हवा ‘समाधानकारक’, हिरवीच. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५. म्हणजे चौपट घाण हवा असताना आपण म्हातारी माणसं आणि पोरं निश्चिंत बाहेर पाठवतो, कारण मोबाइलवर हिरवं दिसतंय.

तर तुमच्याकडे मागणी एवढीच आहे. हवामानाच्या चौकटीत तापमान छापता तिथे शेजारी पीएम २.५ चा आकडा मायक्रोग्रॅममध्ये छापा, नुसता रंग किंवा ‘मध्यम’ असा शब्द नको, आणि तो वर्षभर छापा, मे महिन्यातही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, जिथे जिथे तुमचे वाचक आहेत तिथला. स्वच्छ हवेच्या पैशाची बातमी कराल तेव्हा त्यातला किती धुरावर खर्च झाला आणि पीएम २.५ किती उतरलं हे दोन प्रश्न तुमच्या वार्ताहरानं अधिकाऱ्यांना विचारायलाच हवेत, पीएम १० च्या टक्केवारीवर समाधान मानू नये. आणि आरोग्याच्या पानावर एखाद्या मेंदूच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की वास जाणं, वाट चुकणं, हिशोब न जमणं, यातलं काय दिसलं की थांबायचं नाही. आमच्याकडे मोतीबिंदूची शिबिरं लागतात, शुगरची लागतात, स्मरणशक्तीच्या तपासणीचं मी अजून एकही बघितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळांपैकी कुणी ते भरवणार असेल तर टेबल-खुर्च्यांपासून चहापर्यंत मी यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर