गणिताच्या पेपराची धास्ती

महोदय,

अभियांत्रिकी प्रवेशासाठी संगणकावर होणाऱ्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताच्या 50 प्रश्नांना 90 मिनिटे, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो. पहिलेच गणित अडले की हात थरथरतात आणि पाठ असलेली सूत्रेही आठवेनाशी होतात. माझ्या मुलीचे असेच झाले. भीतीने व्यापलेल्या मनात आकडेमोडीला जागा उरत नाही, हे उमगल्यावर तिने अडलेला प्रश्न खूण करून पुढे जाण्याची, सावकाश श्वास सोडण्याची आणि वेळ लावून संगणकावर सराव प्रश्न सोडवण्याची सवय लावून घेतली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही मुलांना ठाऊक हवे. आमच्या राजापुरातील आडगावांची मुले तर पहाटेची एसटी गाठून अनोळखी केंद्रावर पोहोचतात. त्यांच्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयांनी असा सराव वर्गातच घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, राजापूर