झाडांच्या पाट्यांवर मूळ गावही लिहा

महोदय,

मुलुंडच्या आमच्या गल्लीत मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा पडतो. खोडावरच्या पाटीवर त्याचे नाव आहे. मात्र हे झाड मूळचे मादागास्करचे, माणसाने इकडे आणलेले, हे तीवर कुठेही नाही. कोणता जीव कुठे आढळतो आणि तो तिथेच का, याचा शोध घेणारे जीवभूगोल हे शास्त्र आपल्या शालेय भूगोलात जवळजवळ नसतेच, याची मला मनापासून खंत वाटते.

ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपण राहतो, त्याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला, केरळात, २००३ साली जांभळ्या बेडकाची नोंद झाली. वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहून पावसाच्या तोंडावर काही दिवसच वर येणाऱ्या या बेडकाचे सर्वांत जवळचे नातलग जवळपास ३ हजार किलोमीटर दूर, सेशेल्स बेटांवर आहेत. खारे पाणी सहसा न सोसणारा बेडूक एवढा समुद्र पोहून गेला नाही. भारत आणि सेशेल्स ज्याचे भाग होते तो प्राचीन गोंडवन महाखंड फुटला, जमीनच दुरावली आणि कुटुंब विभागले गेले.

उद्यानांतील पाट्यांवर प्रत्येक झाडाचा मूळ प्रदेश छोट्या नकाशासह दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई