‘बुडालेल्या रोजा’चा इतिहासही सांगावा

महोदय,

इंग्लंडमधील उच्चभ्रू निवासी शाळांनी आधुनिक खेळांना जन्म दिला, असे मांडणारा लेख आपल्या अंकात वाचला. या शाळांचे ऋण मला मान्य आहे. परंतु लेखात या इतिहासाची दुसरी बाजू आलेली नाही, म्हणून हे पत्र.

चेंडूमागे धावणारे जमाव इंग्लंडच्या गावांत त्याआधीही शतकानुशतके होते. शाळांचे खरे काम म्हणजे नियम कागदावर उतरवणे. १८४५ मध्ये रग्बी शाळेतील तीन विद्यार्थ्यांनी तेथील फुटबॉलचे ३७ नियम लिहून काढले. ते मास्तरांनी नव्हे, मुलांनी लिहिले, याचे क्रीडाशिक्षक म्हणून मला फार मोल वाटते. बुटाच्या तळव्याला किंवा टाचेला बाहेर आलेले खिळे वा लोखंडी पट्ट्या नसाव्यात, असाही एक नियम त्यांत आहे. तो वाचताना त्याआधी किती नडग्या सोलवटल्या असतील, याची कल्पना येते. चार्टरहाउस या दुसऱ्या शाळेच्या मुलांना मात्र फरसबंद ओवऱ्यांत खेळावे लागे, तेथे पडणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्या खेळात चेंडू पायाशी ठेवून पुढे नेण्याचे कसब वाढले. शाळेगणिक खेळ असा वेगळा असल्यामुळे विद्यापीठात एकत्र आलेल्या तरुणांना एकमेकांशी खेळताच येईना, आणि त्या अडचणीतून १८४८ चे केंब्रिजचे नियम व पुढे १८६३ मध्ये लंडनची फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. या असोसिएशनच्या चषक स्पर्धेची, म्हणजे एफ.ए. कपची, कल्पना मांडणारे चार्ल्स अल्कॉक हेही हॅरो शाळेचेच माजी विद्यार्थी.

लेख येथे थांबतो. खरी गोष्ट येथून पुढे आहे. या चषकाच्या १८८३ च्या अंतिम सामन्यात ईटन या अशाच उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या क्लबकडून जादा वेळेत २-१ असा हरला. विजेत्या संघात सूतगिरणीचे कामगार होते, नळकारागीर होता. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या एकाही संघाला तो चषक जिंकता आला नाही. फुटबॉलने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. रग्बीच्या धुरिणांनी मात्र सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची, म्हणजे दिवसाच्या मजुरीची, भरपाईसुद्धा नाकारली. त्यावरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले आणि मूळ गटाने, म्हणजे रग्बी युनियनने, मोबदल्याची दारे उघडली ती थेट १९९५ मध्ये. पैशासाठी खेळणे कमीपणाचे, हा संस्कारही याच शाळांतून आला होता. ज्याच्या घरी जमीनजुमला होता, त्याला तो पाळणे सोपे होते.

मी तीस वर्षे ग्रामीण शाळेत कबड्डी शिकवली. तालुकास्तरीय स्पर्धा आणि सोयाबीनची काढणी बहुधा एकाच वेळी येत. माझा उत्तम चढाईपटू एका वर्षी उपांत्य सामन्याला आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मला सांगितले, “सर, दोघांचाही रोज बुडाला असता.” त्या मुलाला शिस्त नाही, असा शेरा मी आदल्या संध्याकाळीच वहीत लिहून ठेवला होता. तो मी खोडला, पण त्या वर्षीचा सामना त्याला परत मिळाला नाही. खेळांचा इतिहास लिहिताना असा रोज बुडणाऱ्यांनाही त्यात जागा मिळावी, ही आपणांस विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक