डॉक्टर मोबाईल बघतात तर बघू दे की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या देवगड-कणकवली भागात सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते, "ह्यो डाक्टर मोबायलात बघून औषध देता, ह्येका काय येता?" अहो, बघू दे की! मी औषधांच्या खिडकीमागे नोकरी काढलीय, मला तर न बघता फाडफाड लिहिणाऱ्याचीच जास्त भीती वाटायची.

फुरसं चावलेलं लहान पोर रात्री येतं तेव्हा बघा. बाकी औषधांचा डोस वजनावर काढायची सवय असते, पण सर्पदंशाच्या इंजेक्शनचं तसं नाही, पोराला पण मोठ्या माणसाएवढ्याच वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) द्याव्या लागतात कारण सापाने काय वजन बघून विष टोचलेलं नसतं. नवीन डॉक्टर पोरगा हे एकदा तपासून बघत असेल तर त्यात कमीपणा कसला?

माझं म्हणणं वेगळंच आहे. ही पोरं बघतात काय? औषधांची माहिती देणारी मोठी ॲप्स परदेशी, त्यांची वर्गणी इंटर्नच्या पगारात परवडत नाही, मग टेलिग्रामवरची कुठली तरी जुनी पीडीएफ नाहीतर बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप (तिथे पेशंटचे फोटो पण बिनधास्त टाकतात, ते बंद व्हायला पाहिजे). अमेरिकन साईटवर पॅरासिटामॉल सिरप पाच मिलीत १६० मिलिग्रॅम धरलेलं असतं, आपल्या खिडकीत १२० नाहीतर २५० ची बाटली, म्हणजे चमच्याचा हिशोब सरळ उचलला की चुकलाच. विंचू शोधला तर बरेचदा आधी ॲरिझोनाचा विंचू येतो, आणि आपल्या लाल विंचवावर प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची गोळी चालते हे जगाला सांगितलं आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, कोकणात सरकारी नोकरी करता करता, २०२२ ला पद्मश्री पण मिळाली! ती माहिती आमच्याच पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) भिंतीवर नाही.

शिवाय पावसात वीज गेली की टॉवर पण जातो आणि साप-विंचू निघतात नेमके तेव्हाच.

त्यामुळे जिल्हा आरोग्य विभागाने प्रत्येक पीएचसीत छापील तक्ते लावावेत, लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप), माकडताप, विंचू, साप, एवढं तरी. सर्पदंशाची केंद्र सरकारची गाईडलाईन फुकट मिळते, तीच छापा. त्यात आपलं इंजेक्शन फक्त नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच चालतं, घाटातल्या चापडा सापावर नाही, हे ठळक असू दे. रक्त गोठतंय का बघायला दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं, प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. आणि तक्ता लावताना त्या काचेच्या ट्यूब स्टॉकमध्ये आहेत का तेही जरा बघा, नसतात बऱ्याच वेळा.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माता, ता. देवगड