दत्तात्रय, दत्तात्रेय आणि ‘मिसमॅच’

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात ‘कागदपत्रांतील नावांत विसंगती, अर्जदार हैराण’ अशा मथळ्याची बातमी आली होती. त्या हैराण अर्जदारांत आमचे घरही असल्यामुळे बातमीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मथळ्यातल्या एका शब्दाबद्दल. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून हयात गेल्यामुळे जडलेली ही खोड आहे, ती आपण समजून घ्याल.

माझ्या थोरल्या बंधूंचे नाव रेशनकार्डावर ‘दत्तात्रय’ आणि आधारकार्डावर ‘दत्तात्रेय’ असे आहे. या एका मात्रेपायी त्यांचा अर्ज बँकेतून दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा शेऱ्याच्या जागी ‘मिसमॅच’ एवढेच लिहिलेले होते. काउंटरवरच्या मुलीने मात्र सौजन्याने खुलासा केला, “काका, सिस्टिममध्ये तेवढा एकच ऑप्शन आहे.” म्हणजे जन्मतारीख चुकली तरी मिसमॅच, सही जुळली नाही तरी मिसमॅच आणि मात्रा गळाली तरी मिसमॅच. आपल्या वार्ताहराने याच शब्दाचे मराठी ‘विसंगती’ असे केले असावे. परंतु साक्षीदार सरतपासणीत ‘मी घरी होतो’ म्हणाला आणि उलटतपासणीत ‘रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो’ म्हणाला, तर ती विसंगती. कारण दोन्हींपैकी एक विधान खोटे असल्याखेरीज दुसरे खरे ठरत नाही. दत्तात्रय आणि दत्तात्रेय यांत कोणीच खोटे बोललेले नाही. तो निव्वळ लेखनभेद आहे. पोथ्यांच्या नकला करताना एकाच ओवीची दोन रूपे झाली तर त्यांना आपण पाठभेद म्हणत आलो आहोत, आणि अशा पाठभेदांमुळे ज्ञानेश्वरीत शिरलेली अशुद्धे काढून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. त्यांनीही मूळ ग्रंथ विसंगत आहे असे कोठे म्हटले नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शब्द शिकवण्याची गरजच नाही. उसाची गाडी बाहेरच्या काट्यावर एक वजन दाखवते आणि कारखान्याच्या काट्यावर दुसरे, तेव्हा तो ‘वजनात तफावत आली’ असे म्हणतो. त्याचा संयम सुटला की तो ‘काटामारी’ म्हणतो. पण तो शब्द वेगळ्या खात्यातला आहे, कारण त्यात नुसता फरक नसून फरक करणाऱ्यावर आरोप आहे.

जी वस्तू मुळात जोडीची, तिच्यासाठी ‘विजोड’ हा शब्द आहे. आमच्या वेळी खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, हाताने जुळवले जात. जुळाऱ्याच्या हातून एका वळणाच्या ओळीत दुसऱ्या वळणाचा ‘ण’ बसला की ओळीचा अर्थ काही बदलत नसे, पण छाप्यावर ते अक्षर वेगळ्या आईचे लेकरू असल्यासारखे दिसे आणि आम्ही समासात तेवढ्याला लाल वर्तुळ करत असू. परवा चप्पल लाईनमध्ये मी पसंत केलेला जोड कारागिराने उजेडात धरला, एक पाय किंचित काळपट लागला आहे हे त्याच्याच ध्यानात आले आणि “हा विजोड झालाय, द्या इकडं,” म्हणत त्याने दुसरा जोड काढला. शब्द असा जिभेवर असावा लागतो. याउलट आमच्या पेठेत मध्यंतरी वाढदिवसाचा एक भला मोठा फलक लागला होता आणि त्यावर ‘विजोड नेतृत्व’ असे छापलेले होते. लिहिणाऱ्याला ‘अजोड’ म्हणायचे असावे. (सत्कारमूर्तींच्या विरोधकांनी तो फलक आठवडाभर उतरू दिला नाही, अशी वदंता आहे.)

सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र शाहू जयंतीच्या पुरवणीतली आहे. तीत एका लेखात महाराजांनी ‘समाजातील फरक दूर केला’ असे वाक्य आहे. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो विषमतेविरुद्ध. फरक माणसामाणसांत असतोच आणि असावा. विषमता मात्र कोणीतरी लादलेली असते. या दोन शब्दांची अदलाबदल निदान कोल्हापुरात तरी होऊ नये.

मी परक्या शब्दांचा द्वेष्टा नाही. ‘फरक’ आणि ‘तफावत’ हे दोन्ही शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले आहेत, आणि अशा शब्दांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन आमच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवत असत. ते शब्द आले आणि इथल्या शब्दांशेजारी पाट मांडून बसले. ‘मिसमॅच’ने मात्र आल्या आल्या चार जणांना पंगतीतून उठवले. त्यातल्या दोघातिघांना तरी आपल्या मथळ्यांत जागा मिळावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

बंधूंचा अर्ज आम्ही तिसऱ्यांदा दिला आहे. या खेपेस सोबत प्रतिज्ञापत्र जोडले असून, वकिलांनी त्यात ‘सदर दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत’ असे लिहून दिले आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त मुद्रितशोधक
शिवाजी पेठ, कोल्हापूर