थाळी आठवीला संपते : घरटी पायलीभर तुरीचं आवाहन

समस्त गावकरी मंडळी, आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-नागपूरला गेलेली आपली पोरं,

तूर निघाली आहे. कट्टे मार्केटला जाण्याआधी घरटी एक पायली ग्राम आरोग्य व पोषण समितीसाठी बाजूला काढून ठेवा, ही विनंती. पायली जड जात असेल तर किलो-दोन किलोही चालेल.

गरोदर बाई, बाळंतीण आणि तीन वर्षांपर्यंतचं लेकरू यांना अंगणवाडीतून आहार घरी मिळतो. तीन ते सहा वर्षांची पोरं तिथेच गरम जेवतात. शाळेत आठवीपर्यंत दुपारची खिचडी असते. नववीत पाय ठेवला की ताट बंद. रेशनचा गहू-तांदूळ पोट भरतो, पण नुसत्या गहू-तांदळावर अंग धरत नाही.

आणि नेमकी याच वयात गरज वाढलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्या पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला ३२. उंची वाढत असते, पाळी सुरू झालेली असते, गेलेलं रक्त अंगात पुन्हा भरायचं असतं. आपल्याकडे ताट मात्र आधी बाबाचं वाढलं जातं, मग भावाचं. पोरगी मायसोबत शेवटी बसते, गंजात उरेल त्यावर. सकाळच्या एसटीसाठी ती चहा-टोस्ट खाऊन पळते. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी अशी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, मग ती गोळी दप्तराच्या तळाशी जाते. पोरींना रागावून उपयोग नाही, पोटात आधी काही पडायला हवं. वरून चहामुळे जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं. डब्यासोबत लिंबाची फोड किंवा आवळा दिला तर जास्त लागतं, आणि तो आपल्या धुऱ्यावर फुकट आहे.

दुसरं टोक म्हाताऱ्यांचं. वय झालं की हालचाल कमी होते, अर्ध्या भाकरीत भागतं, आणि मग ‘बुढीला आता लागते किती’ असं आपणच ठरवून टाकतो. भाकर कमी लागते हे खरं, पण प्रथिनं कमी लागत नाहीत. उलट झिजणारं मांस टिकवायला ती हवीतच. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर ४५ किलोच्या आजीला रोज ३७ ग्रॅम तरी हवीत. दात नाहीत म्हणून ती दोन्ही वेळा पोळी चहात बुडवून खाते. त्यात ३७ कुठून भरणार? लेक-सून वेचणीला सकाळीच निघून जातात, घट्ट वरण शिजवून द्यायला घरी कोणी नसतं. तहानही या वयात कमी जाणवते, म्हणून जाता-येता ओट्यावरच्या आजीला पाण्याचा गडवा हातात द्या. त्याला वर्गणी लागत नाही.

तर बेत असा आहे. नववी ते बारावीच्या मुलींना सकाळी एसटी स्टॉपवरच फल्ली-तीळ-गुळाचा लाडू आणि मूठभर फुटाणे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी घरपोच डबा : घट्ट वरण, मऊ भात किंवा ज्वारीच्या कण्या, शेवग्याच्या पाल्याची नाहीतर आंबाडीची भाजी. रांधायचं काम महिला ग्रामसंघाकडे राहील, आणि बायांना त्याची मजुरी मिळेल. बायांनी फुकट राबावं ही कल्पना समितीला मान्य नाही.

डब्यांची यादी आशाताईंकडेच राहील, ती चावडीवर लावली जाणार नाही. डबा देताना फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची हौसही कोणी करू नये.

तूर, हरभरा, तीळ, जवस, फल्लीदाणे, गूळ, सगळं चालेल. सोयाबीनही द्या. शंभर ग्रॅममध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असलेलं हे पीक आपण पोत्यांनी पिकवतो आणि दाणाही घरात ठेवत नाही, हे काही बरं नाही. फक्त घरी वापरताना नीट भाजून किंवा उकडूनच दळा, कच्चं पचत नाही. ज्यांच्याकडे वावर नाही त्यांच्याकडून धान्य नको. परसातला शेवग्याचा पाला, चुलीसाठी काड्या किंवा डबे पोचवायला पोराची सायकल, एवढं पुरे. बाहेरगावच्या मंडळींनी पैसे पाठवावेत. ते गूळ, तेल आणि मजुरीवरच खर्च होतील. पावती ग्रामपंचायतीत मिळेल आणि हिशोब दर महिन्याला फळ्यावर लागेल.

लेकुरवाळ्यांना एक गोष्ट सांगायचीच आहे. सहा महिने पुरे झाल्यावर बाळाला वरणाचं पाणी पाजू नका. त्याचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरतं. चमचा तिरपा केला तर ओघळणार नाही इतकं घट्ट वरण-भात, वरून तेलाचा थेंब. आणि दूध पाजणाऱ्या मायला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे तीनेक भाकरी जास्तीच्या. पथ्याच्या नावाखाली तिला उपाशी ठेवू नका.

येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणवाडीसमोर काटा लावू. ज्यांना कट्टा उचलवत नाही त्यांनी निरोप धाडावा, पोरं घरी येऊन नेतील. तूर भरडायला तालुक्याच्या डाळमिलमध्ये न्यायची आहे. त्या बाजूला कोणाची गाडी रिकामी जाणार असेल तर सरपंचताईंना सांगून ठेवावं.

— ग्राम आरोग्य व पोषण समिती आणि महिला ग्रामसंघ